ड्रॉपडाउनमध्ये नसलेली लाखोळी

मागच्या वर्षी पावसाळ्यात ऑफिसात माझ्याकडे एक फॉर्म बनवायचं काम आलं. शेतकऱ्यानं गाईला दिवसभरात काय खाऊ घातलं ते मोबाइलवर भरायचं, मग मागे गणित चालायचं आणि ती गाय किती मिथेन सोडते याचा अंदाज स्क्रीनवर यायचा. काम सोपं होतं. चाऱ्याची यादी आयती मिळाली होती, मला ती फक्त ड्रॉपडाउनमध्ये टाकायची होती. 'द्विदल चारा' या मथळ्याखाली पाच नावं होती: लसूणघास, बरसीम, चवळी, स्टायलो, सुबाभूळ.

टेस्टिंगसाठी खरा डेटा हवा म्हणून घरी फोन लावला. घर म्हणजे सडक अर्जुनी तालुका, जिल्हा गोंदिया.

"बाबा, आपल्या ढोरांना तणसासोबत काय देता?"

"ढेप देतो थोडी. अन् लाखोरीचं कुटार, असलं तर."

यादीत लाखोरी नव्हती. पुस्तकी मराठीत लाखोळी, आमच्याकडे लाखोरी, छत्तीसगडात तिवरा, हिंदीत खेसारी. ज्या भाषेत यादी आली होती त्या इंग्रजीत 'ग्रास पी'. मी ते नाव सर्चमध्ये टाकलं. पहिल्याच स्क्रीनवर चारा, गाय, मिथेन यांतलं काहीच नव्हतं. होतं ते विष, लकवा आणि बंदी.

ज्या डाळीचे वडे आजीनं मला लहानपणी खाऊ घातले, तिच्याबद्दल हे वाचताना पाय आपोआप हलवून पाहिले. पाय ठीक होते. पण फॉर्म बाजूला पडला आणि पुढचे दोन महिने मी लाखोळीच वाचत राहिलो.

*

ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. धान, तलाव आणि जंगल. शेताला आम्ही बांधी म्हणतो, कारण चारी बाजूंनी धुरे घालून पाणी बांधून ठेवलेलं असतं. धान कापणीला येतं तेव्हा बांधीतलं पाणी उतरलेलं असतं, पण चिखल ओलाच असतो. त्या वेळी, कापणीच्या दोनएक आठवडे आधी, उभ्या धानात लाखोळीचं बी फेकून द्यायचं. नांगर नाही, वखर नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापून नेईपर्यंत लाखोळी बोटभर वर आलेली असते आणि उरलेल्या ओलीवर ती फेब्रुवारी-मार्चपर्यंत जगते. या पद्धतीला उतेरा म्हणतात.

माझ्या ओळखीतलं हे सगळ्यात आळशी शेतीतंत्र आहे. हे कौतुकानं म्हणतोय. एकदा रन केलं की पुन्हा बघायला लागत नाही. कोवळे शेंडे खुडून भाजी, ती वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवायची, दाण्याची डाळ, आणि मळणीनंतर उरतं ते कुटार गाईबैलांना. शिवाय द्विदल असल्यामुळे मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन जमिनीत सोडून जातात, तो पुढच्या धानाला.

कुटाराचं महत्त्व कळायला आमच्या ढोरांचं ताट पाहावं लागेल. त्यात वर्षभर मुख्य असतं ते तणस, म्हणजे धानाचा पेंढा. त्यात प्रथिनं अगदी कमी, सिलिका भरपूर. पूर्वी त्याला जोड होती जंगलातल्या चराईची. ती तुटत जाण्याची गोष्टही जुनी आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलं, त्यात सरकारी जंगल खात्यानं गावोगावची कुरणं गिळल्याची आणि शेतकऱ्याची जनावरं उपाशी पडल्याची तक्रार आहे. ते लिहीत होते पुण्याकडून, पण आमच्या आखरावर हे पान वाचून दाखवलं तर ढोरकी म्हणेल, होय, असंच आहे. तर ढोरं जंगलातून परतली की समोर तणस. आणि मिथेनचा प्रश्न सुरू होतो तो या तणसापासून.

गाईच्या चार कप्प्यांच्या पोटातला पहिला आणि सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे हवा नसलेली एक टाकी. तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव चारा कुजवतात, त्यातून गाईला लागणारी आम्लं मिळतात आणि हायड्रोजन सुटतो. हा हायड्रोजन साठून राहिला तर काम थांबेल. म्हणून तिथेच राहणारे दुसरे सूक्ष्मजीव त्याचा कार्बन डायऑक्साइडशी संयोग करून मिथेन बनवतात, आणि गाय तो ढेकरातून बाहेर टाकते. पादण्यातून नव्हे. (या विषयावरचे सगळे मीम चुकीच्या टोकाबद्दल आहेत.) चाऱ्यातल्या एकूण ऊर्जेपैकी साधारण ६ टक्के अशी हवेत जाते. बांधीत पाय टाकल्यावर चिखलातून जे बुडबुडे येतात, तेही मिथेनच आणि बनवणारे त्याच कुळातले सूक्ष्मजीव. म्हणजे आमच्या गावात धान मिथेन सोडतं आणि धानाचं तणस खाऊन गाय मिथेन सोडते.

हा वायू हवेत बारा-एक वर्षंच टिकतो, पण शंभर वर्षांच्या हिशोबानं कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. म्हणून सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर आहे. आज कमी केला तर फरक आपल्याच हयातीत दिसेल.

चारा जितका चिवट तितका तो टाकीत जास्त वेळ पडून राहतो, हायड्रोजन जास्त, मिथेन जास्त. द्विदल चाऱ्यात तंतू कमी, प्रथिनं जास्त. तो लवकर पचून पुढे सरकतो. काही द्विदलांत टॅनिन असतं, तेच ज्यानं कच्चं जांभूळ खाल्ल्यावर तोंड कोरडं पडतं. ते मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना थेट आवरतं. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं 'हरित धारा' नावाचं जे पूरक खाद्य काढलं आणि २०२१ मध्ये ज्याची चर्चा झाली, ते टॅनिनवरच चालतं. मिथेन १७ ते २० टक्के घटतो असा त्यांचा दावा आहे.

यात एक मेख आहे. चांगलं खाणारी गाय जास्त खाते. त्यामुळे एकूण मिथेन कधीकधी कमी होतच नाही. कमी होतो तो दर लिटर दुधामागे, दर किलो वाढीमागे. ही 'मागे'ची भानगड लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

*

मग फुकटात उगवणारी ही द्विदल वैरण यादीबाहेर कशी गेली? त्यासाठी जवळपास दोनशे वर्षं मागे, सागरला जावं लागतं.

ठग पकडणारा म्हणून प्रसिद्ध असलेला विल्यम स्लीमन सागर-नर्मदा प्रदेशात अधिकारी होता. १८४४ मध्ये छापलेल्या त्याच्या आठवणींच्या पुस्तकात आमच्या लाखोळीची हकिकत आहे. १८२९ च्या सुमारास गारपिटीनं गहू गेला. १८३० मध्ये पाऊस वेळेवर नाही. १८३१ मध्ये तांबेरा. तिन्ही वर्षं शेतात एकच गोष्ट तग धरून राहिली, ती म्हणजे तिवरा. स्लीमन सांगतो की ही वनस्पती तिथे कुणी मुद्दाम पेरत नसे. गव्हात आपोआप यायची, लोक राहू द्यायचे, आणि हिरवी किंवा वाळवून गुरांना घालायचे. गहू बुडाला तेव्हा लोकांनी दाणे स्वतःसाठी ठेवले आणि गुरांना नुसते देठ-पानं दिली. १८३३ मध्ये गावात तिशीच्या आतल्या पोरापोरींचे कमरेखालचे अवयव जायला लागले. अचानक. रात्री धडधाकट झोपलेला सकाळी उठून उभा राहू शकत नव्हता.

हा उतारा मी पुन्हा पुन्हा वाचला. लाखोळीच्या दुष्कीर्तीतला हा एक महत्त्वाचा जुना कागद आहे आणि त्यात ती माणसाचं अन्न म्हणून येतच नाही. ती गुरांची वैरण आहे. माणूस गुरांच्या गव्हाणीपर्यंत खाली आला, तेव्हा ती विष झाली.

१८६१ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस झाला आणि स्लीमनचं सागर आणि आमचा भंडारा जिल्हा (गोंदिया त्यातून १९९९ मध्ये वेगळा निघाला) एकाच प्रांतात आले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत हा प्रांत अक्षरशः मोडून पडला आणि लंगड्यांची संख्या पुन्हा वाढली. इतकी, की अँड्र्यू बुकानन नावाच्या लष्करी डॉक्टरनं त्यावर स्वतंत्र अहवाल लिहिला आणि तो १९०४ मध्ये नागपूरला छापला गेला. इतर देशांतली उदाहरणंही याच साच्यातली. १८११-१२ मध्ये माद्रिदमध्ये उपासमार झाली तेव्हा फ्रान्सिस्को गोयानं भांड्याभोवती जमलेल्या भुकेल्या लोकांचं चित्र काढलं आणि त्याला लाखोळीचे आभार मानणारं शीर्षक दिलं. १९४२ मध्ये रोमानियाच्या ताब्यातल्या वापनियार्का छळछावणीत ज्यू कैद्यांना गुरांच्या चाऱ्याची लाखोळी खायला घातली. काही आठवड्यांत शेकडो लोक पायांनी गेले. कारण ओळखलं ते आर्थर केसलर या डॉक्टरनं, जो स्वतः कैदी होता.

आपल्याकडे छळछावणीची गरज पडली नाही. रीवा भागात जमीनदार वेठबिगारांना मजुरी म्हणून खेसारी देत. गहू धन्याकडे, खेसारी गड्याकडे. हा आजार होतो तो लाखोळी हा आहाराचा एक तृतीयांशाहून मोठा भाग असेल आणि असं दोन-तीन महिने चाललं तर. ताटात भात, भाजी, दूध असलेल्या घरात वडे खाऊन होत नाही. म्हणून आजीच्या ताटातली लाखोळी आणि रीव्याच्या गड्याच्या ताटातली लाखोळी, दाणा एकच असला तरी, दोन वेगळ्या गोष्टी.

सरकारला यातली सगळ्यात सोपी गोष्ट बदलता येण्यासारखी होती, ती बदलली. १९६१ मध्ये अन्नभेसळ कायद्याखाली खेसारीच्या विक्रीवर बंदी आली. मजेची गोष्ट अशी, की विष नेमकं कोणतं हे तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं. ते सापडलं तीन वर्षांनी. १९६४ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळं केलं. त्याला आज ओडॅप म्हणतात. आमच्या क्षेत्रात याला मूळ कारण न शोधता फीचर बंद करणं म्हणतात. कधीकधी तेही करावं लागतं, माणसं लंगडी होत असतील तर नक्कीच. पण नंतर कुणीतरी परत येऊन तिकीट उघडायला हवं होतं.

बंदी विकण्यावर होती, पेरण्यावर नव्हती. मध्य प्रदेश, बिहार, बंगालात ती पिकत राहिली, खाल्ली जात राहिली. महाराष्ट्रात मात्र झाडीपट्टीचं एक पीक चोरटं झालं. घरी खायचं, पण बाजारात नाव घ्यायचं नाही. आजी सांगायची, डाळीत लाखोरी मिसळली म्हणून दुकानदाराला धरलं. माझ्या मते बंदीचं खरं नुकसान डाळीपेक्षा इथे झालं. जे पीक कायद्याला नको, त्यावर संशोधनाचा पैसा कोण लावणार? त्याच काळात लसूणघास आणि बरसीम यांच्या जातींवर जाती निघत होत्या. बागायती, दुधाळ गाईंची, पाण्याच्या हिशोबातली पिकं. फॉर्मातली यादी तिथून आली होती.

नागपूरचे शांतीलाल कोठारी लाखोळीसाठी वर्षानुवर्षं भांडले, उपोषणाला बसले. २००८ मध्ये महाराष्ट्रानं बंदी उठवली. दरम्यान कमी ओडॅपच्या जाती आल्या होत्या: दिल्लीच्या संस्थेची 'रतन', रायपूरच्या कृषी विद्यापीठाच्या 'प्रतीक' आणि 'महातिवडा'. २०१६ मध्ये या तिघींना देशभर मोकळीक देण्याची चर्चा निघाली तेव्हा इंग्रजी पेपरांत पुन्हा विष, लकवा, बंदी. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. हॉस्टेलवर कुणीतरी ती बातमी वाचून म्हणालं, "अरे, हे कोण खातं?" मी गप्प बसलो होतो.

*

यादीतल्या एका नावाचा इतिहास मात्र लाखोळीच्या अगदी जवळचा निघाला. सुबाभूळ. आज रस्त्याकडेला माजलेलं झुडूप म्हणून आपण तिच्याकडे बघतो, पण १९७० च्या दशकात ती हवाईहून आलेली चमत्कारी वनस्पती होती. महाराष्ट्रात तिचा प्रसार केला मणिभाई देसाईंच्या उरुळीकांचनच्या 'बाएफ' संस्थेनं. भराभर वाढणारी, प्रथिनांनी भरलेली द्विदल. अडचण एक. तिच्यात मिमोसिन नावाचं विष आहे. ऑस्ट्रेलियात जास्त सुबाभूळ खाल्लेल्या गुरांचे केस गळायचे, गलगंड यायचा.

पण हवाईतल्या शेळ्या वर्षानुवर्षं तीच खाऊन ठणठणीत होत्या. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाला ते खटकलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं दाखवून दिलं की त्या शेळ्यांच्या पोटात विष मोडणारा एक जिवाणू राहतो. मग तिथल्या पोटातला रस नेऊन ऑस्ट्रेलियाच्या गुरांना दिला, आणि तीही सुबाभूळ पचवू लागली. जिवाणूला पुढे जोन्सचंच नाव मिळालं. आज उत्तर ऑस्ट्रेलियातल्या कुरणांत सुबाभूळ हा मिथेन घटवायचा एक उपाय म्हणून अभ्यासला जातो.

लाखोळीचंही थोडं तसंच आहे. घोड्याला ती बाधते. रवंथ करणाऱ्या जनावराला बरीच सोसते. स्लीमनच्या गावातल्या लोकांना हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण तिवरा कुणाच्या तोंडी जायला हवा हे त्यांनी चांगल्या वर्षांत बरोबर ठरवलेलं होतं. फरक इतकाच, की सुबाभळीच्या मागे कुणीतरी हवाईला गेलं. लाखोळीचा कागद १९६१ च्या फाइलीत राहिला.

*

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत शंभरावर देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्के कमी करण्याच्या करारावर सह्या केल्या. भारतानं केली नाही. सरकारचं म्हणणं, आमचा मिथेन मुख्यतः धानाचा आणि गुरांचा, म्हणजे लहान शेतकऱ्यांच्या पोटापाण्याचा आहे. देशात १९ कोटींहून जास्त गाईबैल आहेत. मला ही भूमिका पटते, आणि ती पटली की लगेच थोडी अस्वस्थताही येते. पोटापाण्याचा प्रश्न म्हणून मिथेन मोजायचाच नाही, तर मग त्या पोटापाण्यात सुधारणा कशी होईल? तणसात दोन मुठी कुटार जास्त पडलं तर फायदा आधी बाबांचा आहे, हवामानाचा नंतर.

पण कुटार पडायला लाखोळी पेरली पाहिजे. दिवाळीत घरी गेलो तेव्हा बांध्यांवरून चालत मोजलं. लहानपणी कापणीनंतर सगळं शिवार निळ्या फुलांचं असायचं. आता पाच-सहा बांध्या सोडल्यास रिकामं. बाबांनी कारणं सांगितली ती कुठल्याच अहवालात मला एकत्र सापडली नव्हती. हार्वेस्टर आला की त्याच्या चाकांखाली कोवळी लाखोरी चिरडते. ज्यांच्याकडे पाणी आहे ते उन्हाळी धान लावतात, म्हणजे बांधी वर्षातून दोनदा पाण्याखाली, मिथेन दुप्पट आणि लाखोरीला जागाच नाही. आणि तिसरं, कापणी झाली की गावची ढोरं मोकळी सुटतात. सगळ्यांनी पेरली तर सगळे ढोरं राखतात. एकट्यानं पेरली तर ती साऱ्या गावाची चराई.

"मग तुम्ही काहून पेरता?" मी विचारलं.

"बैल हाये ना."

आमचे बैल कठाणी. लहान चणीचे, बांधीच्या गुडघाभर चिखलात न थकता चालणारे. कठाणी ही जात म्हणून सरकारदरबारी नोंदली गेली ती २०२२ च्या सुमारास. चिखलात ट्रॅक्टर फसतो तिथे अजून तेच. मी बाबांना मोबाइलवर आमचं ॲप दाखवलं. लाखोळी मी परस्पर ड्रॉपडाउनमध्ये घातली होती. तीन जणांनी विचारलं होतं ही काय भानगड, आणि एकानं 'टॉक्सिक?' अशी कमेंट टाकली होती. तिला मी इथे लिहिलंय त्याच्या चौथ्या हिश्शाचं उत्तर लिहून ती मंजूर करून घेतली होती. बाबांनी तणस पाच किलो भरलं, कुटार एक किलो, ढेप पाव. खालचा रकाना आला: रोजचं दूध, लिटरमध्ये. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता, कारण सगळं उत्तर 'दर लिटर दुधामागे' निघायचं होतं.

बाबांनी चष्मा वर केला. "बैलाचं काय लिहू?"

मी शून्य टाकून पाहिलं. स्क्रीनवर लाल अक्षरं आली. शून्यानं भाग जात नाही.